पळून कुणाचा कॅन्सर बरा होतो?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १४ ते २२. विषय तप आणि दान.

रोज एक श्लोक हा आपला नेम, पण या नऊ श्लोकांपाशी मी चार दिवस थांबलोय. कारण सांगतो. आमच्या रनिंग ग्रुपमध्ये एक प्रस्ताव आलाय. जानेवारीत नागपूरहून गुरुकुंज मोझरीपर्यंत पळत जायचं. वाडी, बाजारगाव, कोंढाळी, कारंजा, तळेगाव, तिवसा करत तीन दिवसांत सुमारे १२० किलोमीटर. त्या निमित्ताने ओळखीपाळखीत पैसे मागायचे आणि ते कॅन्सरच्या संशोधनाला द्यायचे. मोझरीच का, तर तिथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची समाधी आहे. महाराज १९६८ साली कॅन्सरनेच गेले, आणि आपल्या नागपुरातल्या मानेवाडा रोडवरच्या कॅन्सर हॉस्पिटलला त्यांचंच नाव आहे.

ऐकायला छान वाटतं. मलाही वाटलं. मग सकाळी गीता उघडली आणि प्रश्न सुरू झाले.

चौदाव्या श्लोकात शरीराचं तप सांगितलंय. शरीराचं तप म्हटलं की आपल्याला वाटतं, आता उपास येणार, उन्हात उभं राहणं येणार, काट्यांवर झोपणं येणार. यातलं काहीच येत नाही. देव, द्विज, गुरू आणि जाणत्या माणसांचा आदर, स्वच्छता, सरळपणा, ब्रह्मचर्य, अहिंसा. बस्स. दुखणं ही गोष्ट यादीतच नाही. उलट त्याच अध्यायात आधी, पाचव्या-सहाव्या श्लोकांत, जे लोक दंभाने आणि अहंकाराने शरीर पिळून काढतात ते आत बसलेल्या मलाही छळतात, असं भगवंत स्पष्ट सांगतात. त्या वृत्तीला ते आसुरी म्हणतात. शब्द साधा नाही.

मग तीन दिवस सलग पळणं, पायाची नखं काळी पडणं, मांड्या सोलून निघणं हे कुठल्या रकान्यात टाकायचं?

अठरावा श्लोक तर थेट आपल्या पिढीसाठी आहे. सत्कार व्हावा, मान मिळावा, लोकांनी डोक्यावर घ्यावं म्हणून दिखाव्याने केलेलं तप राजस, आणि ते टिकणारं नसतं. हा श्लोक वाचताना मला स्ट्राव्हा आठवलं, खोटं कशाला बोलू! पळून झाल्यावर घाम पुसायच्या आधी माणूस मोबाइल बघतो. फिनिश लाइनचा फोटो, मेडल दातात धरून फोटो, टी-शर्टवर छापलेलं अंतर. आणि त्याच टी-शर्टवर कोपऱ्यात कॅन्सरची रिबन. कुणाचं तरी मरणाचं दुखणं आपल्या हौसेला जोडून घेतलं, असं तर नाही ना होत?

(लांब अंतराचं वेड आपल्या गावाला नवीन नाही. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्यात शर्यत ही शर्यतच असते, कुणाच्या दुखण्याचं नाव मध्ये येत नाही. माझा प्रश्न ते नाव मध्ये येतं तिथून सुरू होतो.)

हे पळून पैसे गोळा करणं ज्याच्यामुळे जगभर पसरलं, तो एक कॅनडाचा पोरगा. टेरी फॉक्स. नाव तुम्ही ऐकलं असेल, मुंबईतही त्याच्या नावाने रन होत आली आहे. पण त्याची गोष्ट नीट वाचली तर ती फिटनेसची गोष्ट वाटत नाही.

१९७७ मध्ये, अठराव्या वर्षी, टेरीच्या उजव्या गुडघ्यात हाडाचा कॅन्सर निघाला आणि पाय मांडीपासून कापावा लागला. मग केमोथेरपी. डॉक्टरांनी त्याला सांगितलं की तुझी जगण्याची शक्यता पन्नास टक्के आहे, आणि हाच आजार दोन वर्षं आधी झाला असता तर ती पंधरा टक्के असती. दोन वर्षांत पंधराचे पन्नास. त्या पोराच्या डोक्यात हे आकडे बसले. म्हणजे कुठल्यातरी लॅबमध्ये कुणीतरी रात्री जागवल्या, कुणीतरी त्यासाठी पैसे दिले, कुणा आधीच्या पेशंट्सनी ते औषध पहिल्यांदा अंगावर घेतलं, म्हणून मी आहे. यातल्या एकालाही तो ओळखत नव्हता. शिवाय वॉर्डात आजूबाजूची मुलं मरताना त्याने पाहिली होती.

१२ एप्रिल १९८० ला तो कॅनडाच्या पूर्व टोकाहून, सेंट जॉन्समधून निघाला. एक पाय स्वतःचा, एक कृत्रिम. आजच्यासारखे कार्बनचे ब्लेड तेव्हा नव्हते, त्यामुळे प्रत्येक पावलाला चांगल्या पायावर एक जास्तीची उडी मारावी लागायची. दिवसाला साधारण एक मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर. कापलेल्या पायाच्या टोकाला जखमा व्हायच्या, रक्त यायचं. सुरुवातीला कुणी विचारत नव्हतं. कंपन्या जाहिरातीसाठी आल्या तेव्हा त्याने नाही म्हटलं; या पळण्यातून कुणी स्वतःचा माल खपवू नये हा त्याचा हट्ट होता. मागणं साधं होतं, प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर झाल्यावर १ सप्टेंबरला थंडर बे गावाजवळ छातीत दुखायला लागलं. कॅन्सर फुप्फुसात पोचला होता. रस्ता अर्ध्याहून जास्त झाला होता, पण पुढे पळणं झालं नाही. १ फेब्रुवारी १९८१ ला निधी २.४१ कोटी डॉलर्सच्या वर गेला, तेव्हा देशाची लोकसंख्या जवळपास तेवढीच होती. त्याच वर्षी २८ जूनला तो गेला. वय बावीस. सप्टेंबरमध्ये त्याच्या नावाची पहिली रन झाली तेव्हा नियम ठरला की यात शर्यत नाही, बक्षीस नाही.

आता याला आसुरी तप म्हणाल? रक्त येत असताना पळणं म्हणजे शरीराला छळणंच की. हृदयाच्या तपासण्याही त्याने टाळल्या होत्या असं वाचलंय, आणि ते मला पटत नाही. पण दंभ? तो मात्र शोधूनही सापडत नाही. ज्याला स्वतःचं नाव विकायची संधी होती आणि ज्याने ती घेतली नाही, त्याला अठराव्या श्लोकात बसवता येत नाही.

हे सगळं मी मावशीला सांगितलं. माझी मावशी, आईची धाकटी बहीण, हिंगण्याला राहते. सहा वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, बरी झाली, आणि गेल्या वर्षी तो हाडांत परत आला. दर एकवीस दिवसांनी तिला इंजेक्शन असतं. तिने टेरीची गोष्ट शेवटपर्यंत ऐकली, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "पैसे देयाचे त देऊन टाक न बाबू. पयतं काहून?"

मी म्हटलं, अगं लोक असेच देत नाहीत, काहीतरी निमित्त लागतं. ती म्हणाली, "म्हंजे तुया पायाले फोड आले का मंग ते पैसे देतीन? असे कसे लोक?"

प्रश्न बरोबर आहे. दुसऱ्याचा त्रास बघितल्याशिवाय आपला खिसा उघडत नसेल तर तो दोष देणाऱ्याचा आहे. पण माणूस असाच आहे हे आपल्या संतांनाही ठाऊक होतं. गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू हातात घ्यायचे, अख्खं गाव झाडायचे, आणि रात्री कीर्तनात बोलायचे. दिवसभर ज्याने माझ्या दारातली घाण काढली त्याचं रात्री ऐकावंच लागतं. विनोबा बघा. आपल्या पवनारचे. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत एका जमीनदाराने शंभर एकर दिले आणि मग पुढची तेरा वर्षं हा माणूस पायी फिरत जमीन मागत राहिला. पत्रं पाठवून मागता आली नसती का? आली असती. पण मोटारीने येऊन जमीन मागणारा आणि पायी तुमच्या उंबऱ्याशी येणारा यात फरक पडतो. पायी येणाऱ्याने मागण्याआधी स्वतःचं काहीतरी वाटेवर टाकलेलं असतं.

म्हणून मला वाटतं, पळणं हे पैशाच्या बदल्यात विकलेलं दुखणं नसावं. ते मागण्याची पात्रता मिळवणं असावं. मावशीला हे अर्धंच पटलं. मलाही अर्धंच पटलंय, कारण भूदानाची दुसरी बाजूही आहे. मिळालेल्या जमिनीतली कितीतरी कसण्यालायक नव्हती, कितीतरी भूमिहीनांपर्यंत पोचलीच नाही. चालणाऱ्याचं तप शुद्ध होतं, पण पुढचा हिशेब ढिला राहिला.

मग मावशी जे म्हणाली त्याने माझी झोप उडाली. "आन् माह्यासाठी पयू नको. हे रिसर्च-फिसर्च माह्या कामाचं नाही, मले समजते. माह्या बाजूच्या खाटेवर गडचिरोलीकडची पोरगी होती. तिच्या नवऱ्याले रातच्याले झोपाले जागा नव्हती, तो बाहेर फुटपाथवर पडे. त्याचं पाहा आधी."

खरा प्रश्न हा आहे. पळायचं की नाही हा त्याच्यापुढे किरकोळ. संशोधनाला दिलेला रुपया आज खाटेवर असलेल्या कुणालाच वाचवत नाही. तो दहा-वीस वर्षांनी, कदाचित, कुणाला तरी उपयोगी पडेल. बऱ्याचदा पडणारही नाही, कारण बरेचसे प्रयोग फसतात. आणि इथे गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाट, छिंदवाडा इथून माणसं पिशव्या घेऊन नागपुरात येतात. त्यांना आज रात्री डोक्यावर छप्पर हवंय, सकाळी गरम पाणी हवंय. विसावा श्लोक सांगतो, देश, काळ, पात्र बघून, जो परतफेड करू शकत नाही त्याला, द्यायलाच हवं म्हणून दिलेलं दान सात्त्विक. फुटपाथवरचा नवरा म्हणजे देश, काळ, पात्र सगळं समोर हजर. संशोधनात पात्र कुठे आहे? दिसतच नाही.

दोन दिवस मी मावशीच्याच बाजूने होतो.

मग तिच्या फाइलमधल्या इंजेक्शनचं नाव बघितलं. ट्रॅस्टुझुमॅब. कामाच्या सवयीने त्याचा इतिहास शोधला. हे औषध अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झालं. त्यामागे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले डॉ. डेनिस स्लेमन होते. अडचणीच्या काळात त्यांच्या संशोधनाला पैसा दिला तो रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने. म्हणजे लिपस्टिक विकून आलेला पैसा! पुढे त्या विद्यापीठातल्या स्त्रियांच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी धावण्या-चालण्याचे मोठे कार्यक्रमही झाले. २०१४ पासून भारतीय कंपन्यांची तशीच औषधं आली, किंमत उतरली, म्हणून हिंगण्याच्या माणसाला ते निदान विचारात तरी घेता आलं. तिकडे पळणाऱ्या किंवा देणाऱ्या एकाही माणसाला माझी मावशी माहीत नव्हती. त्यांच्या दृष्टीने ती न दिसणारं पात्र होती. टेरीला पंधराचे पन्नास करून देणाऱ्यांसाठी टेरी होता, तशीच.

याला दान म्हणावं का, मला शंका आहे. आपल्याकडे याच्यासाठी जुना शब्द आहे, ऋषिऋण. तैत्तिरीय संहितेत म्हटलंय की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो: ऋषींचं, देवांचं, पितरांचं. ऋषींचं ऋण म्हणजे ज्ञानाचं ऋण. ते ऋषींना परत देता येत नाही, ते कधीच गेले. पुढच्याला देऊनच फिटतं. आपण आयटीवाल्यांना हे सहज कळायला हवं. रोज आपण ज्या ओपन सोर्स लायब्ररीवर पगार कमावतो ती कुणी लिहिली, आपल्याला माहीत नसतं. आपण फक्त एक कमांड टाकतो.

आणि ते ऋषी सगळे परदेशातच आहेत असं समजू नका. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरचं जगात नावाजलेलं एक संशोधन आपल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात झालं. १९९९ पासून, १,३१,७४६ बायका, वय तीस ते एकोणसाठ. त्यांचे चार गट. तीन गटांची वेगवेगळ्या पद्धतीने तपासणी आणि चौथ्याला फक्त नेहमीची आरोग्यव्यवस्था, म्हणजे खास तपासणी काहीच नाही. आठ वर्षांत, एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, चौथ्या गटात ६४. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि जगभर ही चाचणी का करावी याचा एक भक्कम पुरावा तयार झाला. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरिअलने असाच, सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या स्त्रियांना शिकवून पातळ व्हिनेगरसारख्या द्रावणाने तपासणी करवून घेतली. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तिथेही एक गट बिनतपासणीचा होता, आणि त्यावर पुढे टीका झाली. व्हायलाच हवी होती.

त्या ६४ बायकांपाशी मी बराच वेळ थांबलो. त्यांची नावं कुठल्या निबंधात नाहीत. कुठल्यातरी शेतात राबणाऱ्या, कुणाच्या तरी आई. आज आपल्या बहिणीला डॉक्टर ही चाचणी करून घ्या म्हणतात, त्या सल्ल्याच्या पायाशी त्या आहेत. आणि पैसा? उस्मानाबादच्या अभ्यासाला गेट्स फाउंडेशनचा, मुंबईच्या अभ्यासाला अमेरिकन सरकारचा. बायका आपल्या, पैसा त्यांचा. यात माझा वाटा किती, हा हिशेब मांडला तर शून्य येतो. टेरीच्या गोष्टीने मला भारावून टाकलं होतं. या शून्याने मला बूट घालायला लावले.

तरी मावशीचा प्रश्न यामुळे खोडला जात नाही. ऋषिऋण आहे म्हणून दारातल्या माणसाला ओलांडून जाता येत नाही. गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा मुंबईत उपचाराला येणाऱ्या कॅन्सरच्या पेशंट्सना आसरा देते. विदर्भातली कितीतरी कुटुंबं तिथे राहून आली आहेत. बाबा स्वतः शाळेत गेले नव्हते, पण आजारी माणसासोबत आलेल्याला रात्री पाठ टेकायला जागा लागते हे त्यांना कळत होतं. दूरच्या भल्यासाठी देताना एक धोका असतो. न दिसणाऱ्या माणसावर प्रेम करणं सोपं असतं. तो वास मारत नाही, दोनदा फोन करत नाही.

शनिवारी फुटाळ्यावर ग्रुपची बैठक झाली. मी माझं म्हणणं मांडलं. आधी आपण प्रत्येकाने स्वतःच्या पगारातून द्यायचं, मग दुसऱ्याला मागायचं. पोस्टरवर कुठल्याही पेशंटचा फोटो नको, टक्कल केलेल्या लहान मुलाचा तर नकोच. कुणी किती दिले याची यादी लावायची नाही, पण जमलेल्या रकमेचा आणि ती कुठे गेली याचा हिशेब पैशापैशाने जाहीर करायचा. ज्याचा गुडघा दुखेल त्याने गाडीत बसायचं, आणि त्याला कुणी हसायचं नाही. सहावा श्लोक लक्षात ठेवून. यातलं फोटोचं आणि हिशेबाचं लगेच मान्य झालं. यादीवरून वाद झाला. एकजण म्हणाला, नावं लावली नाहीत तर अर्धेच पैसे येतील. खरंच असेल. मी म्हटलं, अर्धे येऊ दे. हे सगळ्यांना पटलं नाही.

अजून एक सुचलं ते तिथेच बोललो. आपल्या वाटेवर पानठेले लागणार. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी खर्रा कोपऱ्याकोपऱ्यावर पन्नीवर घोटला जातोच. तोंडाच्या कॅन्सरचं कारण शोधायला कुठली लॅब लागत नाही, ते तिथे पुडीत बांधून मिळतं. आमच्या ग्रुपमधलेच दोघं रनिंग झाल्यावर खर्रा खातात. बैठक थोडा वेळ गप्प झाली. त्यातल्या एकाने खिशातली पुडी काढून तलावाकडे फेकली, दुसरा म्हणाला, "तलाव काहून घाण करतं बे?" आणि सगळे हसले. पुडी उचलून कचराकुंडीत टाकली गेली. पुढचं माहीत नाही.

पैशाची वाटणी अजून ठरलेली नाही. काहींचं म्हणणं सगळे संशोधनाला, कारण आपण तसं सांगून मागणार. माझं म्हणणं, मागतानाच दोन नावं सांगून मागू: एक संशोधन, एक पेशंटसोबत आलेल्यांची राहण्याची सोय, देणाऱ्याने निवडावं. मावशीला फोनवर विचारलं तर म्हणाली, "आधी झोपाची जागा. मंग रिसर्च." थोडं थांबून म्हणाली, "पन द्या रिसर्चलेही." पुढची बैठक येत्या शनिवारी.

तुमच्यापैकी कुणी वाडी ते कोंढाळी या पहिल्या टप्प्यात सोबत पळणार असेल, किंवा कोंढाळीत रात्री वीस माणसांची झोपायची सोय करू शकत असेल, तर कळवा.

उद्याचं वाचन: अध्याय १७, श्लोक २३.

राम कृष्ण हरी.